सात नंबरचा उपास

"एकवीस दिवस, ताई. त्याच्या आधी काही नाही," इंगोले सर टांग्यात चढता चढता म्हणाले. "उद्या सात नंबरचा दिवस आहे. उद्या तीन उंदीर द्या. मग मी येईस्तोवर त्याच्याकडे फक्त पाहायचं."

"आणि त्याने मागितलं तर?"

सर हसले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. हसताना डोळे दुधाच्या थेंबांसारखे दिसायचे. "मागणारच. अजगर आहे तो," ते म्हणाले.

मोतीबिंदू काढायला ते नागपूरला मुलीकडे निघाले होते. टांगा धुक्यात शिरला. आधी चाकं दिसेनाशी झाली, मग सर, आणि शेवटी घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाजही विरला. फाटक लावून मी आत आले. जानेवारीचे ते दिवस मला अजून असेच आठवतात, कडा नसलेले. सकाळी दहापर्यंत बागेत काहीच पुरतं उमटत नसे. संत्र्याचं एखादं झाड जवळ यायचं, थोडा वेळ थांबायचं आणि परत मागे सरायचं.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, संत्र्याच्या एका जुन्या बागेत सरांचं सर्पोद्यान होतं. उद्यान कसलं, एका ओळीत बांधलेल्या चौदा खोल्या, प्रत्येकीला पुढून काच आणि वर जाळी. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर हे उभं केलं. शेतकरी गोठ्यात निघालेला साप मारण्याऐवजी त्यांना बोलवायचे. वनखातं जखमी साप सांभाळायला पाठवायचं. रविवारी शाळेची मुलं यायची. बाकी दिवस तिथे शांतता असे.

मला तिथे जाऊन दोनच महिने झाले होते. आम्ही दिवाळीनंतर अकोल्याहून आलो होतो. माझे यजमान, पद्माकर, बियाणं तपासण्याच्या सरकारी कचेरीत होते. बदली त्यांनी स्वतःहून मागून घेतली होती. ते सकाळी गेले की त्या भाड्याच्या घरात दिवस संपता संपत नसे. एकदा फिरत फिरत इथे आले. सरांनी विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, "बी.एस्सी., पण उपयोग कधी केला नाही." त्यावर ते म्हणाले, "अक्षर कसं आहे?" आणि हातात खडू दिला. प्रत्येक खोलीबाहेर एक पाटी टांगलेली होती. कोणता साप, शेवटचं खाणं कधी, कात कधी टाकली, एवढं त्यावर लिहायचं. सरांना आता स्वतःचं अक्षर दिसत नव्हतं.

सात नंबरमध्ये अजगर होता, सात फुटांचा. मासे धरायच्या जाळ्यात अडकून मानेमागे खोल कापला गेलेला. जखम भरली होती, पण जाळ्याची खूण उरली होती, मनगटाला बांधलेल्या दोऱ्याची पडते तशी. सर सापांना नाव देत नसत. "नाव ठेवलं की आपण त्याच्याशी बोलायला लागतो," ते म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीने त्याला पहिल्यांदा खायला घातलं. उंदीर मागच्या छपरीत पाळलेले असत, पांढरे. घालण्याआधी ते कायमचे कसे झोपवायचे ते सरांनी शिकवलं होतं. लांब चिमट्यात धरून मी पहिला उंदीर आत नेला. अजगर वळसे घालून पडला होता, वाळक्या पानांच्या ढिगासारखा. मग त्या ढिगातून डोकं वर आलं. जीभ बाहेर, आत, बाहेर. आणि झेप. झाडावरून फळ पडावं इतक्या सहज.

मग तो गिळू लागला. घाई नाही. जबडा एका बाजूने पुढे सरकायचा, मग दुसऱ्या. मान फुगायची, तो फुगवटा हळूहळू खाली उतरायचा. मी काचेला कपाळ लावून उभी होते. माझ्या श्वासाने काच धुरकट झाली की पुसायची, परत बघायचं. एक घास बाहेरून आत गेला आणि आतच राहिला. कुणी तो थुंकला नाही, तोंड फिरवलं नाही, हाताने ढकलला नाही.

तीन उंदीर झाल्यावर मी पाटीवर तारीख लिहिली आणि घरी आले. त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी मी कणीक मळताना काहीतरी गुणगुणत होते. ह्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. 

तिसऱ्या दिवशी पाणी बदलायला गेले तर अजगराने डोकं उचललं. माझ्याकडे बघत होता, किंवा मला तसं वाटलं. माझा हात इकडे गेला की डोकं इकडे, तिकडे गेला की तिकडे. मी स्वतःला म्हटलं, एकच. एकाने काय होतंय? छपरीतून एक उंदीर आणला. त्याने तो घेतला. पाटीला मी हात लावला नाही.

मग रोजचं झालं. कधी एक, कधी दोन. धुकं असायचं, फाटक बंद असायचं, चौदा खोल्यांमध्ये पिवळे दिवे लागलेले असायचे आणि सात नंबरसमोर मी. घड्याळ मी घरी ठेवून यायला लागले. तो खात होता तोवर वेळ पुढे जात नाही असं काहीतरी मला वाटायचं. त्याचं अंग भरलं. वळशांमध्ये आधी दिसणारी फट बुजली. खवले एकमेकांपासून सुटून मधली कातडी दिसू लागली, आणि मी खुळी, तिला बाळसं समजत होते.

आता या गोष्टीला छत्तीस वर्षं झाली. पुढे वीस वर्षं ते उद्यान मीच चालवलं. हल्ली शहरात लोक घरी परदेशी जातीचे अजगर पाळतात, आणि कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन करतात. प्रश्न एकच असतो : मॅडम, किती दिवसांनी घालायचं? मी सांगते, पिल्लू असेल तर आठवड्याने. वाढ झाली की पंधरा दिवस, तीन आठवडे, मोठा असला तर महिना. घास त्याच्या अंगाच्या जाडीपेक्षा जाड नको. पोटातला फुगवटा पुरता जिरू द्या, त्यावर आणखी काही दिवस जाऊ द्या. थंडीत आणखी कमी. कात टाकायच्या आधी खाल्लं नाही तर घाबरू नका. हे सगळं ऐकून झालं की पलीकडचं माणूस जरा थांबतं आणि विचारतं, "पण तो तर बघतोय हो माझ्याकडे?" तेव्हा मला परतवाड्याची ती काच आठवते.

सर जाऊन अठरा दिवस झाले त्या सुमारास थंडी वाढली आणि वीज जाऊ लागली. खोल्यांमधले दिवे हीच सापांची ऊब. दिवे विझले की मी गोणपाटं टाकायची. एका सकाळी सात नंबरचं दार उघडलं आणि वास आला. तो वास मी ओळखला. मी दाराची कडी धरून उभी राहिले. त्याने उलटून टाकलं होतं. तीन उंदीर, अर्धवट विरघळलेले, फरशीवर. तो कोपऱ्यात पडला होता, डोकं भिंतीकडे.

मी फरशी धुतली. जे होतं ते कागदात गुंडाळून संत्र्याच्या झाडाखाली पुरलं. हात तीनदा धुतले. आणि मग जे केलं ते सांगताना अजून मान खाली जाते. मी म्हटलं, आता पोट रिकामं झालं असेल बिचाऱ्याचं. आणि छपरीतून आणखी एक उंदीर आणला.

त्याने तो घेतला नाही. मी नाकाजवळ नेला. तोंडाच्या कडेला लावला. घे ना, म्हटलं. एवढाच. त्याने डोकं फिरवलं. मी चिमटा परत त्या बाजूला नेला. शेवटी त्याने तोंड उघडलं. ते खाण्यासाठी नव्हतं, चिडून होतं, हे आता मला कळतं. उंदीर आत गेला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दोन दिवसांनी तोही बाहेर आला. या वेळी अजगराने डोकं उचललंच नाही. हात लावला तर अंग सैल, ओल्या दोरासारखं. श्वास घेताना घशात बुडबुडे वाजत होते.

मी पोस्टात गेले आणि नागपूरला ट्रंक कॉल लावला. तासाभराने सरांच्या मुलीचं घर लागलं. सर फोनवर आले.

"सर, सात नंबर आजारी आहे."

"काय झालं?"

"थंडी. वीज जातेय इथे."

 "उद्याच्या गाडीने येतो," ते म्हणाले. "त्याला उबेत ठेवा. अन् ताई, काही घालू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा होता. मला वाटलं थेट सात नंबरकडे जातील. ते आधी मागच्या छपरीत गेले. उंदरांच्या पेट्यांची झाकणं एकेक करून उघडली आणि लावली. पाच पेट्या रिकाम्या होत्या. मग हळूहळू सात नंबरसमोर आले, चष्मा काढला आणि पाटी वाचली.

"डोळा छान झाला," ते म्हणाले. "तुमचं अक्षर दिसलं. खरंच सुरेख आहे."

मी दाराची कडी काढली.

"पाटी बरोबर आहे. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आहे, त्यापुढे काही नाही." ते आत गेले, गुडघ्यांवर बसले. दोन्ही हात अजगराच्या अंगाखाली सरकवून त्यांनी त्याला जरासं उचललं, बोटांनी पोट चाचपलं, मानेपासून शेपटीपर्यंत. शेपटीजवळ चरबीच्या घड्या पडल्या होत्या. "किती?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तीन, सर. तुम्ही सांगितले तेवढेच."

"ताई."

"बावीस," मी म्हटलं. "शेवटचा त्याला नको होता."

मला वाटलं ते ओरडतील. ते तसेच बसून राहिले. अजगराचं डोकं त्यांच्या मनगटावर टेकलेलं होतं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"भूक होती त्याला. मी गेले की डोकं उचलायचा."

"भूक नव्हती. जंगलात एकदा सावज मिळालं की पुढचं केव्हा मिळेल याचा नेम नसतो. महिना जाईल, दोन जातील. म्हणून समोर आलं की तो घेतो. नको म्हणायचं त्याला येत नाही. ते काम आपलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मार्चमध्ये याला सोडायचा होता. सिपना नदीकडे. वनखात्याचं पत्र आलंय. तुम्हाला सांगायचं राहिलं."

मी रडायला लागले. सरांनी रडू दिलं. मग म्हणाले, "जगला तर सात आठवडे काही द्यायचं नाही. एक कणही नाही. ऊब, पाणी, स्वच्छता. हे तुम्ही करायचं."

"मी नको, सर. मी उद्यापासून येत नाही."

"तुम्हीच करायचं," सर म्हणाले. "माझ्या दुसऱ्या डोळ्याचं अजून बाकी आहे."

पहिले पाच दिवस तो जगतो की मरतो ते कळत नव्हतं. मी सकाळी येऊन आधी काचेला कान लावायची. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून त्याच्या भोवती ठेवायची, गार झाल्या की बदलायची. सहाव्या दिवशी घशातले बुडबुडे थांबले. आठव्या दिवशी तो स्वतः पाण्याच्या टाक्यात जाऊन पडला. नुसतं नाक वर. सर म्हणाले, "आता बसा याच्यापाशी."

मी बसले. तुम्हाला सांगते, तो आजारी होता तेव्हाचे दिवस सोपे होते. खरं अवघड होतं ते तो सावरल्यावर. बाराव्या दिवशी मी काचेसमोर आले आणि त्याने डोकं उचललं. अगदी आधीसारखं. हात इकडे, डोकं इकडे.

त्या दुपारी सर बागेच्या टोकाला उन्हात बसले होते. मी छपरीत गेले. एक उंदीर, अगदी लहानसा, हातात घेऊन सात नंबरचं दार उघडलं. तो बघत होता. मी त्याला पाहत होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. उंदीर जिवंत होता, त्याचं काळीज माझ्या मुठीत धडधडत होतं, माझंच असावं तसं. धुकं सरून स्वच्छ ऊन पडलं होतं, जाळीची सावली अजगराच्या अंगावर पडली होती आणि तो त्या जाळ्यात परत अडकल्यासारखा दिसत होता.

मी दार लावलं. उंदीर पेटीत ठेवला. चालत सरांकडे गेले आणि त्यांच्यासमोर गवतात बसले.

"सर, मला मुलगी होती," मी म्हटलं.

सर संत्रं सोलत होते. हात थांबले.

"वैजयंती. वैजू म्हणायचो. मागच्या आषाढात गेली. साडेचार वर्षांची होती." हे एवढं बोलायला मला सहा महिने लागले होते. पुढचं आपोआप आलं. "तिचं लिव्हर बिघडलं होतं. तीन महिने अन्न पोटात ठरत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, मागेल तेवढंच द्या, मागे लागू नका. पण मी लागायची. भात मऊ करून, दुधात कालवून, चमचा घेऊन मागे मागे. ती तोंड फिरवायची, मी चमचा त्या बाजूला न्यायची. शेवटच्या दिवशी सकाळी मी तिच्या ओठांना चमचा लावला. ती म्हणाली, आई, नको ना. मी म्हटलं, एवढाच. तिने घेतला. माझ्यासाठी घेतला हो तिने. आणि उलटून टाकला. दुपारी गेली."

वाऱ्याने संत्र्याची पानं हलली आणि थांबली.

"तो वास मला इथे आला, सर. सात नंबरच्या दारात. तरी मी त्याला परत घातलं."

सरांनी संत्र्याची उरलेली साल काढली. मग त्यांनी विचारलं, "आजारपणाच्या आधी काय आवडायचं तिला?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळे शेवटाचंच विचारायचे. "शेवयांची खीर," मी म्हटलं. "वाटीतली नाही, पातेल्यातली. पातेलं मांडीत घेऊन बसायची. आणि वांग्याचं भरीत, तिखट. कान लाल व्हायचे, पण सोडायची नाही. ह्यांच्या ताटातलं पळवायची." बोलता बोलता मला ती दिसली. ती आजारातली नव्हती, भरीत खाऊन हा-हू करणारी, नाक पुसणारी होती. तीन महिन्यांच्या आड तिची चार वर्षं दडून गेली होती.

"ताई, तुम्ही बी.एस्सी. आहात, म्हणून साधी गोष्ट सांगतो," सर म्हणाले. "ती न जेवल्यानं गेली नाही. जायला लागली होती, म्हणून जेवत नव्हती. तुम्ही उलटं धरून बसलात." आणि सोललेलं अर्धं संत्रं त्यांनी माझ्यापुढे केलं. मी घेईन की नाही हे बघत बसले नाहीत. उठून खोल्यांकडे गेले.

त्या दिवशी ह्यांच्यासमोर ताट ठेवताना मी म्हटलं, "आज मी सरांना वैजूचं सांगितलं."

ह्यांचा हात भाकरीवर थांबला. तिचं नाव त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. "मला माहीत होतं तू काय करतेस ते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सर नागपूरला गेले त्या आठवड्यात एकदा घराची किल्ली विसरलीस. द्यायला आलो होतो बागेत. तू काचेपाशी उभी होतीस. एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हणत होतीस. मोठ्याने."

मला हे आठवतच नव्हतं. आजही आठवत नाही. "मग हाक का नाही मारलीत?"

"मारणार होतो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "मला वाटलं, तिथे ती जेवतेय. जरा वेळ जेवू दे." आणि मग माझ्यासमोर कधीही न रडलेला तो माणूस पाटावर बसून लहान मुलासारखा रडला. मी जवळ जाऊन बसले. कुणी कुणाला जेव म्हटलं नाही. ताट गार झालं. नंतर बऱ्याच उशिरा आम्ही दोघांनी त्याच ताटात खाल्लं.

उपासाचे उरलेले आठवडे सोपे गेले असं नाही. पण ते गेले. मी रोज पाटीवर एकच ओळ लिहायची : काही दिलं नाही. सरांनी ती कधी पुसली नाही. फेब्रुवारीत धुकं विरळ झालं. अजगराचे डोळे निळसर, ढगाळ झाले. मी घाबरले, पण सर म्हणाले, कात टाकणार आहे. एका दुपारी दगडाला तोंड घासत घासत तो स्वतःतून बाहेर आला. कात मागे पडली, अख्खी, पातळ, सात फूट लांब. आणि तो नवा, ओला, उन्हात निळी-जांभळी झाक मारत होता. चरबीच्या घड्या ओसरल्या होत्या. वळशांमधून परत उजेड दिसत होता. इतके दिवस काही न खाता तो आधीपेक्षा जास्त जिवंत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून मला पटलं. कुणी सांगून पटलं नसतं.

एकोणपन्नास दिवसांनी त्याला एक लहान उंदीर दिला. तो जिरला. पंधरा दिवसांनी आणखी एक. तोही जिरला. एप्रिलच्या मध्यावर सर म्हणाले, "चला, आता याला ठेवून घ्यायचं काही कारण उरलं नाही."

वनखात्याची जीप आली. सर पुढे, मागे मी आणि हे. ह्यांनी त्या दिवशी कचेरीतून रजा घेतली होती. आमच्या पायांपाशी गोणीत अजगर. घाट चढून जीप पलीकडे उतरली. मोह फुलून गेला होता, सगळ्या जंगलाला गोडसर, आंबूस वास. सिपनेचं पाणी आटलं होतं, पण डोहात हिरवंगार होतं. गार्डने जागा दाखवली. काठावर मोठे खडक, त्यांच्यात कपारी, वर जांभळाची दाट सावली.

सरांनी गोणीची गाठ सोडली आणि बाजूला झाले. "तुम्ही करा, ताई," म्हणाले.

मी गोणी आडवी केली. बराच वेळ काही झालं नाही. मग डोकं बाहेर आलं. जीभ बाहेर, आत. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. हात इकडे गेला काय, तिकडे गेला काय. तो वाळूवरून सरळ निघाला, ओघळासारखा, मानेवरची जाळ्याची खूण उन्हात एकदा चमकली, आणि पाण्यात उतरला. डोहावर एक रेघ उमटत गेली. पलीकडच्या खडकापाशी ती संपली.

"आता हा काय खाईल, केव्हा खाईल?" ह्यांनी सरांना विचारलं.

"काय माहीत," सर म्हणाले. "उद्या खाईल. नाही तर पावसाळ्यात."

ते ऐकून माझ्या पोटात काहीतरी खोल खोल गेलं, आणि तिथेच थांबलं. दुखलं नाही. पाणी परत सारखं झालं होतं. आम्ही चौघं काठावर उभे होतो आणि बघायला काहीच उरलं नव्हतं, तरी कुणी निघा म्हणत नव्हतं.

परतीच्या वाटेवर जीपच्या हेलकाव्यांनी माझे डोळे मिटायला लागले. आषाढापासून मी धड झोपले नव्हते. घाटाचं पहिलं वळण मला आठवतं, मोहाचा वास आठवतो, त्यानंतरचं काही नाही. जागी झाले तेव्हा जीप आमच्या घरासमोर उभी होती. इंजिन बंद होतं. सर आणि ड्रायव्हर खाली उतरून लिंबाच्या सावलीत गप्प बसले होते. माझं डोकं ह्यांच्या खांद्यावर होतं.

"आलो का आपण?" मी विचारलं.

"केव्हाचे," हे म्हणाले. "झोप अजून."